पारख आणि भीड

परभणीच्या उन्हाळ्यात माठ घेताना आम्ही तो बोटांनी वाजवून पाहतो. कुंभारास त्यात अपमान वाटत नाही. परंतु परवा ओळखीच्या दुकानी नवा स्मार्टफोन घेतला, तेव्हा पडदा पांढरा करून ठिपके शोधण्यास, खोक्यावरील १५ आकडी क्रमांक यंत्रातील क्रमांकाशी ताडण्यास आम्हांस संकोच झाला. भीड भिकेची बहीण! रात्री पडद्याच्या कोपऱ्यात काळा ठिपका दिसला. तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत, न पाहता घेतलेला माल ग्राहकाने स्वीकारला असे १९३० चा मालविक्री कायदा मानीत नाही. भीड मोडण्याचे धैर्य तो कोठून देणार? उद्या तक्रार घेऊन जाऊ, तेव्हा ज्याच्यावर विश्वास दाखविला त्याच्याच मनात 'हा ठिपका यांच्या घरी कशावरून पडला नसेल?' ही शंका आम्हीच पेरणार आहों.