ढील

संध्याकाळचे पाच वाजले आहेत. पाठीवरची सॅक खाली ठेवा, पण उघडू नका. आधी मान वर करा.

दोन सोयीची खोडं दिसली की हात शिवशिवतात, हॅमॉकचा, म्हणजे झाडांना टांगायच्या झोळीचा, पट्टा बाहेर येतो, आणि डोक्यावरची वाळकी फांदी आठवते ती रात्री अडीच वाजता. म्हणून आधी फांद्या बघा. एखादी मोडून वरच अडकलेली असेल तर ती जागा सोडा, कितीही देखणी असली तरी. माडाखाली तर प्रश्नच नाही. मग नजर खोडावर आणा. सावरीला काटे असतात. बिब्ब्याचा चीक अंगाला लागला तर फोड येतात. पानं शिवून घरटं करणाऱ्या तांबड्या मुंग्या आहेत का? वेलावर खाजकुइलीच्या लवदार शेंगा लोंबताहेत का? जवळपास आग्या मोहोळ? हे सगळं बघेपर्यंत दहा मिनिटं जातात. जाऊ द्या. एवढा वेळ एका झाडाकडे आपण एरवी कधी बघतो?

आपण आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीच्या अंगाला आलो आहोत. डिसेंबर आहे. बाग ओळखीच्या काकांची, आणि त्यांना विचारून आलो आहोत. राखीव जंगलात मुक्काम करायचा तर वनखात्याची परवानगी लागते. देवराईत मात्र कुणी परवानगी दिली तरी बांधू नये, असं माझं मत आहे. ज्या झाडांना गावानं पिढ्यानपिढ्या हात लावला नाही, त्यांना आपल्या एका रात्रीसाठी पट्टा कशाला आवळायचा?

पायाखालचा पाचोळा बघा. इथून जवळच्या दोडामार्ग तालुक्यात 2016 साली माकडतापाची साथ आली, तेव्हापासून इकडचा माणूस पाचोळ्यात बसताना दोनदा विचार करतो. तो ताप गोचिडीतून येतो, आणि गोचीड असते पाचोळ्यात नि गवतात. जमिनीपासून हातभर वर झोपण्याचं साधं कारण हेच. अर्थात वर झोपलं म्हणून सुटलो असं नाही. चालताना चिकटलेली गोचीड आपल्याबरोबरच आत येते. तेव्हा आत शिरण्यापूर्वी पोटऱ्या, गुडघ्यामागची खोबण, कमरेची नाडी बसते ती जागा, सगळं सावकाश तपासा.

आता पट्टा काढा. पट्टाच, दोरी नको. बारीक दोरी भाराखाली सालीत रुतते, आणि पानांनी तयार केलेलं अन्न सालीतूनच खाली उतरतं. पट्टा निदान इंचभर रुंद हवा, दोन इंची मिळाला तर छानच. झाडांमधलं अंतर पाच-सहा पावलं. खोडाला तळहात टेकवून एकदा जोर लावून बघा. हललं तर ते झाड आपलं नव्हे.

बांधा, आणि ताणू नका.

हे सांगायला सोपं आहे. आपल्या हाताला ताणायची सवय आहे. कपडे वाळत घालायची दोरी, बोचक्याची गाठ, खाटेची नवार, यातलं काही सैल राहिलं की घरातलं कुणीतरी बोलतंच. माझी पहिली रात्र मी असाच ताणून बसलो. हॅमॉक तारेसारखा आडवा बांधला, कौतुकानं त्यावर टिचकीही मारली. वर चढलो तर कापड दोन्ही बाजूंनी खांद्यांवर आवळत आलं, जरा कूस बदलली की उलटायची भीती, आणि सकाळी उठलो तो केळ्यासारखा वाकून. दुकानदाराला मनातल्या मनात बरंच बोललो. चूक त्याची नव्हती.

हिशेब असा आहे. पट्टा आडव्या रेषेशी 30 अंशांचा कोन करत असेल, तर 70 किलोच्या माणसामुळे प्रत्येक पट्ट्यावर साधारण 70 किलोचीच ओढ येते. तोच कोन 10 अंशांवर आणला की एकेका बाजूला 200 किलो. माणूस तोच, रात्र तीच. केवळ ताणलं म्हणून झाड, पट्टा आणि शिवण या तिघांना जवळजवळ तिप्पट सोसावं लागतं. कोन मोजायला हात पुरतो. तर्जनी आडवी धरा, अंगठा उभा. दोघांच्या टोकांना जोडणारी जी तिरकी रेघ मनात दिसते, तशी पट्ट्याची उतरण हवी. पतंग उडवणाऱ्यांकडे याला शब्द आहे, ढील.

उसाच्या फडावर आई झाडाला साडीची झोळी बांधते, ती कधी ताणलेली पाहिली आहे? पोटाशी खोल, तोंडाशी जवळजवळ मिटलेली. तिनं कोन मोजलेला नसतो.

विकत घेतानाही याच ढिलाईकडे बघायचं. दहा फुटांपेक्षा आखूड कापड घेऊ नका. साडेपाच फुटांच्या वर उंची असेल तर अकरा फुटी बरं. दोन टोकांमध्ये वरून एक बारीक दोरी असलेला हॅमॉक निवडा. आपल्या कौलारू घराला जसं आढं, तशी ही दोरी. कापडाच्या लांबीच्या 83 टक्क्यांच्या आसपास तिची लांबी ठेवतात, म्हणजे अकरा फुटांना नऊ फूट दीड इंच. झाडं जवळ असोत की लांब, ही दोरी कापडाचा झोळ रोज सारखाच राखते. हॅमॉकला शिवलेली डासांची जाळीही तिच्यावरच तोलते, नाहीतर ती तोंडावर येऊन पडते, आणि कातडीला टेकलेल्या जाळीतून डास आरामात चावतो.

आता जाळीत बोटं घाला आणि डोळ्यांजवळ धरून बघा. पूर्वी स्वयंपाकघरात जाळीचं कपाट असायचं, दुधा-तुपाचं, पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवलेलं. माशी जाळीनं अडायची, मुंगी पाण्यानं. आजची रात्र आपण त्या कपाटातलं दुधाचं पातेलं आहोत. घरच्या मच्छरदाणीच्या भोकातून डास येत नाही, पण चिलट येतं. म्हणून या जाळीची वीण अधिक बारीक असते. बारीक विणीला वारा कमी लागतो. मे महिन्यात कोकणात ती घुसमटवते, डिसेंबरात चालते. रंग काळा घ्या. का ते अंधार पडल्यावर कळेल.

छपराचं मात्र सगळं उलट. तिथं ढील चालत नाही. वरची ताडपत्री ताणूनच बांधायची, कडा इतक्या खाली की तिरका पाऊसही शिरू नये. तिच्या दोऱ्यांना सुरगाठ मारा, निरगाठ नको. रात्री वारा सुटला आणि अंधारात सोडावं लागलं तर एका ओढीत सुटली पाहिजे. शिवाय हॅमॉकच्या दोन्ही पट्ट्यांवर, छपराखालीच, सुतळीचा एकेक तुकडा बांधून लोंबता सोडा. खोडावरून ओघळणारं पाणी पट्ट्यावरून चालत आत येतं. सुतळीपाशी आलं की ते खाली ठिबकतं.

बूट काढा, पण खाली ठेवू नका. पट्ट्याला उलटे टांगा. हा लाल विंचवाचा मुलूख आहे. त्याच्या दंशावर प्राझोसिन देण्याचा उपाय महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रूढ केला, त्याआधी कोकणात या दंशानं किती माणसं जात, ते जुन्या लोकांना विचारा.

जाळीची चेन उघडा. आधी बसा, मग पाय वर घ्या, मग चेन लावा. चेनीच्या पकडीला दोऱ्याचा गोंडा बांधून ठेवा. मध्यरात्री लघवीला जाताना त्याचा उपकार कळतो.

आता सरळ झोपू नका, तिरके व्हा. डोकं थोडं डावीकडे, पाय थोडे उजवीकडे. हळूहळू सरका. एका जागी आल्यावर कापड अचानक सपाट होतं, पाठ मोकळी होते आणि गुडघ्यांवरचा ताण जातो. ती जागा प्रत्येकाची वेगळी असते. सापडली की थांबा. झोका आपोआप मंदावेल, त्याला थांबवू नका.

श्वासाकडे लक्ष द्या, असं ध्यानवर्गात सांगतात. डास ते न शिकता करतो. आपण सोडलेल्या हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा माग काढत मादी येते, जवळ आल्यावर अंगाची ऊब आणि वास तिला वाट दाखवतात. एक श्वास सोडा. दुसरा सोडा. आता कानाशी ती बारीक आवाजाची बाई आली. जाळीपाशी घुटमळते आहे. तिला हाकलू नका, हात जाळीला लागेल. ऐका फक्त.

टॉर्च लावा. काय दिसतं? जाळी, फक्त जाळी. तिचे चौकोन, एक धागा निसटलेला, एक पतंग बाहेरून चिकटलेला. उजेड जाळीवरूनच परत फिरतो. पांढरी जाळी असती तर डोळेच दिपले असते. आता टॉर्च विझवा आणि मनात शंभरपर्यंत मोजा. तीसच्या सुमाराला जाळी विरायला लागते. साठपर्यंत खोडं दिसतात, मग त्यांच्यामागची खोडं, मग फांद्यांमधलं आकाश. शंभरला जाळी आहे हे आठवावं लागतं. दूर कुठेतरी रातवा बोलतो आहे, चक्, चक्, चक्, कुणी लाकडावर हातोडी मारावी तसा.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यानं पॅसिफिकच्या बेटांवर छप्पर, जाळी आणि चेन एकत्र शिवलेला असाच हॅमॉक वापरला. त्यातल्या सैनिकालाही असाच अंधार दिसला असेल, पण त्याला चेन किती लवकर उघडते याची काळजी होती. आपल्याला फक्त लघवीची. वस्तू मुळात त्याचीही नव्हे आणि आपलीही नव्हे. कॅरिबियन बेटांवरचे ताइनो लोक अशा झोळ्यांत झोपत, आणि हॅमॉक हा शब्दही त्यांच्याच भाषेतून आला.

पहाटे चारला पाठ गार पडेल. वर रजई असूनही. खालून वारा लागतो आणि अंगाखाली दबलेली रजई ऊब धरत नाही. म्हणून तळाला दुहेरी कापड असलेलाच हॅमॉक घ्यावा, दोन थरांमध्ये फोमची चटई सरकवता येते. दुहेरी कापडाचा आणखी एक उपयोग आहे, पण तो दुकानात कुणी सांगत नाही. एकेरी पातळ कापडातून डास खालून चावतो. माझ्या पहिल्या रात्रीच्या सकाळी बायकोनं पाठीवरच्या गांध्या मोजल्या होत्या. सतरा.

उजाडल्यावर लगेच उठू नका. ताडपत्रीवर दवाचे थेंब टपटपताहेत, तो आवाज संपेपर्यंत पडून राहा. मग उलट क्रमानं सगळं सोडा. बूट झटकून घाला. पट्टा निघाला की सालीवरून एकदा बोट फिरवा. वळ उठला असेल तर पुढच्या वेळी पट्टा रुंद घ्या. काकांच्या घरी चहा घ्या. आणि घरी पोहोचल्यावर आंघोळीच्या आधी ताडपत्री गच्चीत वाळत घाला. ओली गुंडाळून ठेवली तर तिला बुरशी धरते.