नाइलाजाने केलेले काम सेवा ठरते का?



एप्रिल २०२१ मधले ते आठवडे आपण कोणीच विसरलेलो नाही. आपल्यापैकी अनेकांनी त्या दिवसांत एखाद्या सिलिंडरसाठी वीस-वीस ठिकाणी फोन केले. आपल्या केंद्रांतील स्वयंसेवकांनी रात्री जागून याद्या केल्या. सिलिंडर मिळाला की डोळ्यांत पाणी यायचे. तो भरला कोठून, याचा विचार करण्याची ती वेळ नव्हती. आज थोडी सवड आहे, तेव्हा तो विचार माझ्यासोबत करावा, अशी विनंती आहे.

त्या प्राणवायूचा मोठा वाटा पोलाद कारखान्यांतून आला. भिलाई, राउरकेला, बोकारो, जमशेदपूर, विशाखापट्टणम, रायगड जिल्ह्यातील डोलवी. पोलाद तयार करायला ऑक्सिजन प्रचंड प्रमाणात लागतो, म्हणून कारखान्याच्या आवारातच तो हवेतून वेगळा काढणारे संयंत्र असते. हवा गाळायची, दाबायची, तिच्यातील बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड काढून टाकायचे आणि मग ती द्रवरूप होईपर्यंत थंड करायची. प्राणवायू उणे १८३ अंश सेल्सिअसला उकळतो आणि नायट्रोजन उणे १९६ अंशांना. या तेरा अंशांच्या फरकावर दोघे वेगळे होतात. अशा एक लिटर द्रवापासून सुमारे ८६० लिटर वायू मिळतो. संयंत्र मध्येच बंद पडले, तर ते पुन्हा थंड होऊन शुद्ध प्राणवायू हाती येईपर्यंत बराच वेळ जातो. त्या महिन्यात तेवढा वेळ कोणाकडे नव्हता.

ते बंद पडू नये म्हणून जी माणसे राबतात, त्यांना कारखान्यात 'मेंटेनन्सवाले' म्हणतात. फिटर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, उपकरणांची मापे तपासणारे तंत्रज्ञ. त्यांत कायम नोकरीवरचे असतात, तसे कंत्राटीही. कॉम्प्रेसरचा आवाज किंचित बदलला, बेअरिंग तापू लागले, व्हॉल्व्हपाशी बर्फाचा पांढरा थर दिसला, की धावायचे यांनी. या कामातली एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. फिटरचा हात एरवी तेला-ग्रीसने माखलेलाच असतो, तीच त्याच्या कामाची खूण. पण ऑक्सिजनच्या वाहिनीला तेलाचा थेंबही चालत नाही, कारण शुद्ध प्राणवायूच्या संपर्कात तेल पेट घेऊ शकते. तिथे हत्यारे, हातमोजे, जोडणीचा प्रत्येक भाग तेलमुक्त करून घ्यावा लागतो. त्या महिन्यात नायट्रोजन आणि आर्गॉन वाहणारे टँकरही प्राणवायूसाठी वळवण्यात आले. तेही असेच साफ करून, आवश्यक भाग बदलून द्यावे लागले.

१९ एप्रिलच्या रात्री कळंबोलीहून सात रिकामे टँकर रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढवून विशाखापट्टणमला निघाले. ते तिथे भरले गेले आणि २३ तारखेला नागपुरात तीन, २४ ला नाशिकमध्ये चार उतरले. ही गाडी सर्वांनी दूरदर्शनवर पाहिली. ती भरणारे संयंत्र त्या रात्री कोण सांभाळत होते, हे कोणी दाखवले नाही. दाखवण्यासारखे काय असणार? काहीच बिघडले नाही, हेच त्या कामाचे फळ.

आता खरा प्रश्न. कोणी म्हणेल, "यात सेवा कसली? त्यांना पगार मिळत होता. आणि घरी बसायचे म्हटले असते तर नोकरी गेली असती. नाइलाजाने कामावर जाणाऱ्याला सेवेकरी कसे म्हणायचे?"

हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. सेवा स्वेच्छेने होते, असेच आपण सत्संगात शिकतो. पण विनोबांची गीतेवरची प्रवचने आठवा. ती १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात झाली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. बोलणारे स्वतः कैदी, ऐकणारेही बहुतेक कैदी. सक्ती काय असते, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिथे विनोबांनी बाहेरचे कर्म आणि त्याच्याशी जोडलेले आतले विकर्म हा भेद मांडला. बाहेरचे कर्म परिस्थिती ठरवते. त्यात मन ओतायचे की नाही, हे परिस्थितीच्या हातात नसते.

कारखान्यात याची अगदी साधी कसोटी आहे. संयंत्राची ठरावीक मापे ठरावीक वेळी लॉगशीटवर नोंदवायची असतात. पहाटे तीन वाजता, तोंडावर मास्क, बरोबरीचे दोघे तापाने घरी, अशा वेळी टाकीपर्यंत चालत न जाता मागच्याच ओळीतला आकडा पुन्हा लिहिता येतो. बहुतेक वेळा तो बरोबरही निघेल. कोणाला कळणार नाही. तरीही जो उठतो, टॉर्च घेऊन जातो, गेज वाचतो, जोडणीवर हात फिरवतो आणि मग लिहितो, त्याला कामावर आणले ते नाइलाजाने, पण टाकीपर्यंत नेले ते नाइलाजाने नाही. माझ्या मते सेवा तेवढ्या पावलांत आहे. बाकीची पाळी नोकरी असेल, असू द्या.

भाषांतर करताना 'मेंटेनन्स'ला 'देखभाल' हा शब्द सहज येतो. पण मराठीत 'निगा' हा आणखी जवळचा शब्द आहे. आपण लहान मुलांची निगा राखतो, आजाऱ्याची राखतो, रोपांची राखतो. यंत्राचीही राखतो. भाषेने या कामांत भेद केलेला नाही.

मात्र इथेच थांबलो, तर आपण स्वतःला फार स्वस्तात सोडून देऊ. दुसऱ्याच्या कष्टाला 'सेवा' म्हणणे आपल्याला सोयीचे असते. सेवेकऱ्याला नमस्कार पुरतो. कामगाराला सुरक्षा, वेळेवर वेतन आणि विश्रांती द्यावी लागते. २२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता आपण टाळ्या वाजवल्या, ते चांगलेच केले. पण २०२१ मध्ये लस आधी आरोग्यसेवकांना व आघाडीवरच्या कर्मचाऱ्यांना मिळाली, १ एप्रिलपासून ४५ वर्षांवरील सर्वांना खुली झाली आणि अठरा वर्षांवरील इतरांसाठी १ मे उजाडावा लागला. म्हणजे ज्या एप्रिलमध्ये देश या संयंत्रांकडे डोळे लावून होता, त्या एप्रिलमध्ये तिथला तिशीतला फिटर या क्रमात कोठेच बसत नव्हता. लस अपुरी होती, क्रम लावणे भागच होते, हे मान्य. पण तो आपल्यालाही आठवला नाही. पोलाद कारखान्यांतील अनेक कामगार त्या लाटेत गेले.

आणि निगा राखण्याचे मोल किती, ते २१ एप्रिललाच दिसले होते. नाशिकच्या महापालिका रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीपाशी गळती झाली, सुमारे अर्धा तास पुरवठा विस्कळीत झाला आणि त्या दिवशी २२ रुग्ण दगावले. दोष कोणाचा, हे ठरवणे माझे काम नाही. पण ज्या इतर शेकडो टाक्या त्या दिवशी गळल्या नाहीत, त्यांची बातमी कधी झाली नाही आणि होणारही नाही.

मी वाणिज्य शाखेत शिकतो. आमच्या ताळेबंदात नवे यंत्र मालमत्ता म्हणून दिसते. 'दुरुस्ती व देखभाल' मात्र नफा-तोटा पत्रकात खर्चाच्या बाजूला जाते आणि वर्षअखेर तिचा मागमूस राहत नाही. हिशेबाच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. अडचण अशी, की खर्च कमी करायची वेळ आली की पहिली नजर त्याच ओळीवर जाते. संस्थांमध्ये जाते, घरात जाते, आणि आपल्या केंद्रांतही जात असावी. नवा सभामंडप बांधायला देणगी पटकन मिळते. जनरेटर तपासायला येणाऱ्या माणसाचे बिल किती महिने थकले आहे, हे येत्या रविवारी आपल्या खजिनदारांना एकदा विचारून पाहा.