तीन तपांचा हिशेब

माढा तालुक्यातल्या अरण गावी आषाढ वद्यात एक उलटी वारी घडते. एरवी संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात. इथे पंढरपूरहून पांडुरंगाची पालखी सावता माळ्याच्या भेटीला येते. सावतोबा मळा सोडून पंढरीला गेलेच नाहीत, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. वाफे बांधणं, पाणी देणं, खुरपणं हीच त्यांची पूजा. शके १२१७ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९५ साली, त्यांनी इथेच देह ठेवला.

काम हीच पूजा, हे अरणचं सांगणं महाराष्ट्राच्या अंगवळणी पडलं आहे. पण त्याच्या पोटात एक अडचणीचा प्रश्न आहे. जे काम पूजा मानलं जातं, त्याचा मोबदला मागावा का? आणि मागितलाच, तर त्या कामात गेलेल्या वर्षांचं मोल काय धरावं?

हा प्रश्न ज्याच्या हुद्द्याच्या नावातच बसला आहे असा माणूस गावोगाव भेटतो: ग्रामीण डाक सेवक. देशभरात ते अडीच लाखांहून अधिक आहेत. टपाल, पार्सल आणि बँकेचे व्यवहार ते वाड्यावस्त्यांवर पोचवतात. सरकारी हिशेबात त्यांचं काम चार किंवा पाच तासांचं. म्हणून त्यांना मिळतो तो पगार नव्हे, भत्ता. आणि भत्त्याच्या सरकारी नावात ‘काळ’ आणि ‘सातत्य’ हे दोन्ही शब्द आहेत. नेमणुकीच्या वेळी उपजीविकेचं दुसरं साधन असल्याचंही सांगावं लागतं. म्हणजे नियमाने गृहीत धरलेला डाक सेवक जवळपास सावतोबाच: मळा पिकवायचा आणि उरल्या वेळात सेवा करायची.

फरक एवढाच की सावतोबांचा मळा त्यांचा होता आणि दिवसही त्यांचाच होता.

२२ मे २०१८ पासून डाक सेवकांच्या संघटनांनी सोळा दिवस संप केला. डाक सेवकांच्या भत्त्याचा विचार करणाऱ्या कमलेश चंद्र समितीचा अहवाल दीड वर्ष पडून होता. ६ जूनला मंत्रिमंडळाने तो मार्गी लावला. चार तासांच्या डाक सेवकाला दरमहा १०,००० रुपये, पाच तासांच्याला १२,००० रुपये, वर महागाई भत्ता आणि वर्षाला तीन टक्के वाढ, असं १ जुलैपासून ठरलं. तरी एक गाठ सुटली नव्हती. तीस वर्षं टपाल वाटलेला माणूस आणि काल रुजू झालेला पोरगा यांच्यात त्या तीन टक्क्यांपलीकडे भेद नव्हता. बढतीसारखा टप्पा कुठे लागतच नव्हता. १२ डिसेंबर २०२३ ला पुन्हा संप झाला. आठ तासांच्या कामाबरोबरच १२, २४ आणि ३६ वर्षांच्या सेवेनंतर वरची पायरी, ही मागणी त्यात होती.

मार्च २०२४ मध्ये या पायऱ्या आल्या. बारा वर्षांनंतर वर्षाला ४,३२० रुपये, चोवीस वर्षांनंतर ५,५२० आणि छत्तीस वर्षांनंतर ७,२००.

बारा वर्षांना मराठीत एक तप म्हणतात. तप म्हणजे नुसता काळ नव्हे. सोसून, टिकून, काहीतरी कमावून काढलेला काळ. त्या मापाने पहिल्या तपाची किंमत महिन्याला ३६० रुपये झाली.

इथे एक जुना युक्तिवाद पुढे येतो. फळाची आस धरू नये, असं गीता सांगते, मग सेवकाने पायऱ्या कशाला मोजाव्यात? पण तो उपदेश काम करणाऱ्याने स्वतःला करायचा आहे. ज्याच्याकडे देणं थकलं आहे त्याने घेणेकऱ्याला निष्काम कर्म शिकवणं, याला गीतेत आधार नाही.

दुसरी शंका अधिक खोल आहे. केवळ वर्षं सरली म्हणून जास्त का द्यायचं? मत्तयच्या शुभवर्तमानातला द्राक्षमळ्याचा मालक संध्याकाळी आलेल्या मजुरालाही सकाळपासून राबलेल्याइतकंच नाणं देतो आणि सकाळचे कुरकुरतात. सोलापूर जिल्ह्यातल्या द्राक्षबागांत रोजाने गेलेल्या कुणालाही ती कुरकुर लगेच कळेल. एसटीतही ती ऐकू आली. २०२१ च्या संपात, नोव्हेंबरमध्ये, सरकारने मूळ वेतनात वाढ दिली ती उलट्या क्रमाने: दहा वर्षांपर्यंतच्या सेवेला ५,०००, दहा ते वीस वर्षांना ४,००० आणि वीस वर्षांवरच्यांना २,५०० रुपये. ज्याचा पगार सगळ्यात तोकडा त्याला जास्त, हा गरजेचा न्याय होता आणि तो खोटाही नव्हता. पण वीस वर्षं घाटरस्ते तुडवलेल्या चालकाला आपली वर्षं वजा झाल्यासारखी वाटली. सप्टेंबर २०२४ मध्ये, गणपतीच्या तोंडावर पुन्हा संप झाला, तेव्हा आधी मिळालेली रक्कम धरून सगळ्यांची वाढ ६,५०० वर आणून बरोबर केली गेली.

गरज आणि सेवाकाळ यांत कुणाचं पारडं जड, हे एका सूत्राने सुटणारं नाही. मात्र सेवाकाळाच्या बाजूने एक गोष्ट या मातीतच आहे. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या १९१५ च्या ‘गावगाड्या’त बलुतेदारांच्या थोरल्या, मधल्या आणि धाकट्या ओळी नोंदल्या आहेत. कुणाच्या पदरात किती धान्य पडायचं हे ओळीवर ठरे आणि ओळ जन्मावर. बापाने चाळीस वर्षं राबून मुलाची ओळ बदलत नसे, स्वतःचीही नाही. वर्षांवर चढणारा पगार हा त्या व्यवस्थेशी झालेला काडीमोड आहे: इथे माणसाची स्वतःची वर्षं, जी कुणाकडून वारसाने येत नाहीत, पहिल्यांदा मोजली जातात.

म्हणून ती नीट मोजावी लागतात. डाक सेवकाची सेवा पासष्टाव्या वर्षी संपते. पंचविशीत रुजू झालेला एकसष्टाव्या वर्षी तिसऱ्या तपाला पोचतो आणि पुढची चार वर्षं महिन्याला ६०० रुपये घेतो. तिशीत रुजू झालेल्याची पस्तीस वर्षं भरतात आणि तिसरी पायरी एका वर्षाने हुकते.