फॉलिडॉलची वंशावळ

हुमनाबादपासून कलबुर्गीपर्यंतचा काळ्या मातीचा पट्टा तुरीचा. शेंगा पोखरणारी अळी पडली की पूर्वी धुरळणी व्हायची ती फॉलिडॉलची. नाकाला पंचा गुंडाळून, वाऱ्याची दिशा बघून. उरलेला डबा घरात आढ्याला खोचलेला असे, आणि कर्ज किंवा कटकट असह्य झालेला हात कधी कधी तिकडेच जाई. मग ‘फॉलिडॉल घेतलं’ एवढं म्हटलं की ऐकणारा पुढचं विचारत नसे.

या डब्याची वंशावळ आय. जी. फार्बेनपर्यंत जाते. बायर, बीएएसएफ, हेक्स्ट, आग्फा वगैरे कंपन्या १९२५ साली एक होऊन हा जर्मन रासायनिक महासंघ झाला. तिथला गेरहार्ड श्रॅडर किडीवरचं औषध शोधत होता. १९३६ साली त्याच्या हाती टाबून लागला, १९३८ साली सारिन. दोन्ही युद्धवायू ठरले. त्याच कुळातलं पॅराथिऑन १९४४ चं. युद्ध संपल्यावर बायरने ते फॉलिडॉल या नावानेही विकलं. नसेतून आलेला निरोप पोचल्यावर तो पुसून टाकणारं विकर हे विष बंद पाडतं. अळीचंही आणि माणसाचंही.

कादंबऱ्यांना हा महासंघ फार आवडला. थॉमस पिंचनच्या ‘ग्रॅव्हिटीज रेनबो’त (१९७३) तो सगळ्या कारस्थानांमागचा अदृश्य हात होतो. वाचायला झकास, पण असा राक्षस रंगवला की आपण सुटतो, कारण आपल्या ओळखीत राक्षस कोणीच नसतो. प्रत्यक्षात ऑशविट्झजवळ मोनोवित्झला कृत्रिम रबराचा कारखाना उभा राहत होता आणि कंपनी नाझींच्या एसएस दलाला कुशल कैद्यामागे दिवसाला ४ मार्क, अकुशलामागे ३ मार्क मोजत होती. हजेरीपटावर लिहिणार कोण?

ते जमलं प्रीमो लेव्हीला, कारण तो स्वतः तिथल्या प्रयोगशाळेत राबलेला कैदी आणि पेशाने केमिस्ट. ‘द पिरिऑडिक टेबल’मध्ये (१९७५) तो युद्धानंतर इटलीतल्या रंगाच्या कारखान्यात आहे. जर्मनीहून आलेली राळ वाळत नाही, म्हणून तक्रारीची पत्रं सुरू होतात, आणि पलीकडे सही करणारा निघतो त्याच प्रयोगशाळेतला डॉक्टर म्युलर. याच माणसाने कैदी लेव्हीला चामड्याचे बूट आणि आठवड्यातून दोनदा दाढीची सवलत दिली होती. आता तो सभ्य भाषेत लिहितो, भेट मागतो, आणि मोनोवित्झचा कारखाना ज्यूंना वाचवायलाच उभारला होता असं त्याला मनापासून वाटतं. पिंचनच्या साऱ्या कारस्थानांपेक्षा मला हा म्युलर जास्त भिववतो.

फार्बेनच्या अधिकाऱ्यांवरच्या खटल्याचा निकाल ३० जुलै १९४८ ला लागला. १३ जण दोषी ठरले. सर्वांत मोठी शिक्षा ८ वर्षांची. कंपनीच्या संचालक मंडळातल्या फ्रिट्झ टेर मेरला ७ वर्षं झाली, पण ती पुरी भोगावी लागली नाहीत. १९५६ साली तो बायरच्या पर्यवेक्षक मंडळाचा अध्यक्ष झाला. आणि आपल्याकडे पॅराथिऑनच्या भावंडावर, मिथाइल पॅराथिऑनवर, पूर्ण बंदी आली ती २०१८ साली.