विझण्यापूर्वी सांगावे

आमच्या भागात हातातल्या दिव्याला सरळ 'बॅटरी' म्हणतात. 'विजेरी' हा शब्द मुलांना पाठ्यपुस्तकातून शिकवावा लागतो. अशाच एका विजेरीने गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मला एक प्रश्न घातला. तो विजेरीपुरता राहिला नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

नवापूरचे स्थानक अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. ते ओलांडून सुरतेला जाणाऱ्या गाडीत आमच्याकडचे कोणी ना कोणी असतेच. माझी धाकटी बहीण लग्नानंतर उधन्याला स्थायिक झाली. तिचा मुलगा दिवसा यंत्रमागांच्या विद्युत पेट्या दुरुस्त करतो आणि रात्री छंद म्हणून विजेऱ्यांचे 'डोके' घडवतो. डोके हा त्याचाच शब्द. हल्लीच्या छोट्या विजेरीत नखाएवढी चिप असते. त्याच्याजवळच्या 'एटीटायनी ८५' या चिपमध्ये प्रोग्रामसाठी जागा अवघी ८ किलोबाइट. तेवढ्यात सारे लिहून ठेवायचे : बटण एकदा दाबले तर काय, दोनदा दाबले तर काय, दिवा तापला तर काय, सेल संपत आला तर काय. चिपमध्ये असा मुरवून ठेवलेला प्रोग्राम म्हणजे फर्मवेअर. 'अँड्युरिल' नावाचा असा एक प्रोग्राम मुक्त परवान्याखाली सर्वांना खुला आहे. भाचा त्यात आपल्या मताप्रमाणे फेरफार करीत बसतो.

"मामा, एका ठिकाणी अडलोय," तो म्हणाला. अडचण अशी : विजेरीतला लिथियमचा सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट दाखवतो. वापरता वापरता तो ३ व्होल्टच्याही बराच खाली गेला, तर कायमचा बिघडतो आणि असा सेल पुन्हा भरताना धोकाही असतो. म्हणून ठरावीक आकडा आला की प्रोग्रामने दिवा बंद करायचा. परंतु चांगल्या विजेरीत उजेड शेवटपर्यंत एकसारखा राखलेला असतो. म्हणजे आता लख्ख, आणि पुढच्या क्षणी काळोख! "त्या क्षणी माणूस विहिरीच्या काठावर असला तर?"

पोळ्या लाटता लाटता बहिणीने ऐकले. ती म्हणाली, "भाऊ, पुरात असली बॅटरी असती तर आमचे काही खरे नव्हते."

२००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरतेचा बहुतेक भाग बुडाला होता. बहीण तेव्हा नदीकडच्या वस्तीत राहत असे. खालचा मजला पाण्यात, वीज नाही, वरच्या खोलीत ती आणि दोन लेकरे. जवळ पत्र्याची जुनी विजेरी, दोन जाड सेलांची. पहिल्या रात्री उजेड पांढरट, दुसऱ्या रात्री पिवळा. तो पिवळा पडलेला पाहूनच तिने मुलांचे भिंतीवर सावल्या पाडण्याचे खेळ थांबवले आणि विजेरी फक्त जिन्यावरचे पाणी पाहण्यापुरती ठेवली. तिसऱ्या रात्री ती निखाऱ्यासारखी तांबूस होऊनही जळत होती. त्या विजेरीला डोके नव्हते. पण ती खोटे बोलत नव्हती.

आयझॅक असिमॉव्ह यांनी १९४२ साली एका कथेत यंत्रमानवाचे तीन नियम मांडले. तिसऱ्यानुसार यंत्राने स्वतःचे रक्षण करावे, मात्र माणसाचे रक्षण आणि त्याची आज्ञा त्याआधी. ह्या न्यायाने दिवा विझता कामा नये, असे मला प्रथम वाटले. पण विचार केला तेव्हा कळले की झगडा यंत्र आणि माणूस यांच्यात नाहीच. तो आज अंधारात उभा असलेला माणूस आणि उद्या तो बिघडलेला सेल घरात भरायला लावणारा माणूस यांच्यातला आहे. उद्याच्या माणसासाठी दिवा बंद करणे योग्यही असेल. पण न सांगता बंद करणे?

इथे मला माझीच एक गोष्ट आठवली. ती सांगायला संकोच वाटतो, तरी सांगतो. आमच्या शाळेतल्या एका मुलाचे वडील सुरतेत मागावर कामाला होते. सणासुदीला गावी आले की शाळेत येत, दारातच चप्पल काढून विचारीत, "सर, मना पोऱ्या कसा शे?" मुलाला धड वाचता येत नव्हते. तो आठवीपर्यंत ढकलत आला होता. मी म्हणे, "ठीक आहे, प्रगती होते आहे." बाराबारा तास उभे राहणाऱ्या माणसाची दिवाळी कशाला बिघडवावी, असा माझा सद्हेतू. प्रगतिपुस्तकावर शेरेही तसेच. दहावीत तो चार विषयांत नापास झाला. वडील रागावले नाहीत. एवढेच म्हणाले की आधी कळले असते तर त्यांनी मुलाला सुरतेला नेले नसते तरी स्वतः गावी परतले असते. मी त्या माणसाला शेवटपर्यंत एकसारखा उजेड दाखवला होता.

"मग हळूहळू मंद करत नेला तर?" मी भाच्याला विचारले. तो हसला. "मामा, उजेड अगदी हळू उतरला तर डोळ्याला कळतच नाही. डोळा जुळवून घेतो. पायरी जाणवेल एवढी मोठी पाहिजे."

हे वाक्य मी वहीत टिपून घेतले. 'जरा लक्ष द्या', 'अजून वाव आहे' असे गुळगुळीत शेरे म्हणजे डोळ्याला न कळणारी उतरण. सांगितल्याचे पुण्य आपल्याला, आणि न कळल्याचा दोष ऐकणाऱ्याला!

निघायच्या आदल्या रात्री भाच्याने गच्चीवर नेऊन नवा प्रोग्राम दाखवला. सेल उतरू लागला की दिवा दोनदा लुकलुकतो आणि एकदम निम्म्याहून कमी होतो. थोड्या वेळाने पुन्हा तसेच. मग चालण्यापुरता काजव्याएवढा उजेड, आणि अगदी शेवटी विझणे. बहिणीने तो काजवा हातात धरून जिन्याच्या चार पायऱ्या उतरून पाहिल्या आणि म्हणाली, "चालेल."

उजेडात बसून दुसऱ्याच्या अंधाराचे नियम लिहिणारे आपण सगळेच : शिक्षक, डॉक्टर, आईबाप, धरणाचे दरवाजे उघडणारे. विझावे लागेल तेव्हा विझण्याचा अधिकार कदाचित आपल्याला असेल. पण समोरच्याला जिना उतरून जाता येईल इतक्या आधी, आणि त्याला जाणवेल इतके स्पष्ट, ते सांगितल्यावाचून नाही.

यंदा प्रगतिपुस्तकांवरचे शेरे मी पुन्हा लिहायला घेतले आहेत. हात जड होतो, हे कबूल करतो.