वाट दाखविणें आणि सोबत करणें

मराठी भाषेंत ‘वाट दाखविणें’ आणि ‘वाटेला लावणें’ हे दोन वाक्प्रचार एकमेकांच्या अगदीं शेजारीं नांदतात. पहिल्यांत उपकाराची भावना आहे, दुसऱ्यांत कटकट टळल्याचें समाधान आहे. शब्द जवळजवळ तेच. पण बोलणाऱ्याचें तोंड कोणत्या दिशेला आहे एवढ्यावरून अर्थ उलटतो. विचारणाऱ्याकडे तोंड करून सांगितलें तर वाट दाखविली असें होतें. तोंड फिरवितां फिरवितां सांगितलें तर त्याला वाटेला लावलें असें होतें. या दोहोंमधील अंतर किती थोडें आहे, आणि तें ओलांडतांना आपण कांहीं अनुचित करीत आहों असें माणसाला कसें मुळींच वाटत नाहीं, हें मला २०२० सालच्या उन्हाळ्यांत कळलें.

त्या वर्षीं २२ मार्चला एका दिवसाची संचारबंदी झाली आणि २५ मार्चपासून सारा देश घरांत बसला. मुंबई-पुण्याच्या प्लेगांत, १८९७ सालीं, घाईघाईनें केलेला साथरोगांचा कायदा जवळजवळ सव्वाशे वर्षांनीं पुन्हा लागू झाला. आगगाड्या थांबल्या, विमानें थांबलीं, शाळा आणि देवळें बंद झालीं. रोगापासून शरीर कसें वांचवावें हें रोज सांगितलें जात होतें; आणि त्या सांगण्याप्रमाणें वागतांना मनाचें काय होत आहे हें ज्याचें त्यानें पाहावयाचें होतें.

आमच्या इमारतींत वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षक राहतात. लहानथोर सारे त्यांना मास्तर म्हणतात. मे महिन्यांत त्यांच्या पत्नीला ताप आला, रुग्णवाहिका आली, आणि अकराव्या दिवशीं रुग्णालयांतून फोन आला. मास्तर स्वतः विलगीकरणांत होते. अंत्यदर्शन घडलें नाहीं. मुलगा परदेशीं अडकलेला. ज्या घरांत एरवीं तेरा दिवस माणसांची वर्दळ असावयाची, त्या घराच्या दाराशीं फक्त दुधाची पिशवी येऊन पडे. शेजारच्या घरून येणारा पिठलेंभात, जवळ येऊन मुकाट बसून राहणारी माणसें, दहाव्याला जमणारे आप्त, ही जी व्यवस्था आपल्या समाजानें दुःखासाठीं पिढ्यानुपिढ्या लावून ठेवली होती, ती एका रात्रींत नियमबाह्य ठरली. तिच्या जागीं दुसरी व्यवस्था मात्र कोणीं लावून दिली नव्हती.

मास्तर रात्रीं-अपरात्रीं गच्चीवर फेऱ्या घालतात असें पंधरा दिवसांनीं माझ्या कानीं आलें. मी मनांतून घाबरलों. त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून आणि मोबाइलवरून मानसिक आधार देणाऱ्या संस्थांच्या क्रमांकांच्या याद्या फिरत होत्या. मीं त्यांतील चार क्रमांक सुवाच्य अक्षरांत एका चिठ्ठीवर लिहिले, ती मास्तरांच्या दुधाच्या पिशवीखालीं ठेवली, आणि त्या रात्रीं मला शांत झोप लागली. ती झोप आज आठवली म्हणजे लाज वाटते.

तीन आठवड्यांनीं मास्तर जिन्यांत भेटले. चेहरा ओळखूं न येण्यासारखा झाला होता. “फोन केलात कां, मास्तर?” मीं विचारलें. त्यांनीं खिशांतून तीच चिठ्ठी काढली. घड्या पडपडून ती कापडासारखी मऊ झाली होती.

“रोज काढतों आणि परत ठेवतों,” ते म्हणाले. “पलीकडचा माणूस विचारील, काय होतंय? मला काय होतंय तें मला सांगतां आलं असतं, तर तुम्हांलाच नसतं कां सांगितलं?”

दुःखी माणसाला मदत कोठें मिळेल हें सांगितलें म्हणजे सांगणाऱ्याचें कर्तव्य संपलें काय, हा प्रश्न माझ्यापुढें त्या दिवशीं उभा राहिला. तोंवर मी या प्रश्नाचें उत्तर न विचारतांच ‘होय’ असें देत आलों होतों.

मदत शोधणें हेंही एक काम आहे, आणि इतर कामांप्रमाणें त्यालाही बळ लागतें. कोणत्या संस्थेला विचारावें, तिची वेळ काय, आपली भाषा तेथें समजेल कां, पैसे किती पडतील, ही गोष्ट बाहेर फुटणार तर नाहीं ना, अशा दहा प्रश्नांतून वाट काढावी लागते; क्रमांक लागला नाहीं तर पुन्हा लावावा लागतो; लागला तर अनोळखी माणसापुढें पहिलें वाक्य उच्चारावें लागतें. निरोगी मनाला हें अर्ध्या तासाचें काम. पण विषादाची जात अशी आहे कीं, तो माणसाचा आनंद नेतो त्याआधीं निर्णय करण्याची शक्ति नेतो, आणि कशाचा उपयोग होईल ही आशा त्याहीपूर्वीं नेतो. ज्या शक्तीनें मदत मागावयाची, तीच शक्ति आजारी पडलेली असते. अशा माणसाच्या हातीं यादी देणें म्हणजे पाय मोडलेल्याला ‘वैद्यबुवा टेकडीवर राहतात’ असें सांगण्यासारखें आहे. सांगितलेलें खोटें नसतें. परंतु ऐकणाऱ्याच्या कामाचेंही नसतें. म्हणून शोधण्याचा भार, निदान त्याची पहिली पायरी, ज्याच्या अंगांत बळ आहे त्यानें उचलावी, असें न्यायबुद्धि सांगते.

प्लेगचा उल्लेख वर आला आहे. त्याच १८९७ सालीं पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आणि त्यांचे चिरंजीव डॉक्टर यशवंत यांनीं प्लेगच्या रोग्यांसाठीं दवाखाना चालविला होता. मुंढव्याच्या वस्तींतील एका आजारी मुलाला बाईंनीं पाठीवर घेऊन त्या दवाखान्यांत पोंचविलें, अशी हकीकत सांगतात. पुढें त्यांना स्वतःला प्लेग झाला आणि १० मार्च रोजीं त्यांचा अंत झाला. दवाखाना तेथें होताच. मुंढव्याहून तेथवर जाणारी वाटही होती. पण दवाखाना आणि रोगी यांच्यामध्यें जें अंतर होतें तें चालून जाण्यास एका पाठीची गरज होती. संस्था काढणारे सावित्रीबाईंना आठवतात, तसें तें चालणेंही आठवावें. संस्था आणि रोगी यांच्यामधील शेवटचा कोस कोणतीही संस्था स्वतः चालत नाहीं.

सावित्रीबाईंचें उदाहरण २०२० सालीं आपल्याला जसेंच्या तसें लागू पडत नव्हतें, हें खरें. आपल्या स्पर्शानेंच दुसऱ्याचा जीव जाईल अशी ती साथ होती, आणि दूर राहणें हाच त्या वेळीं धर्म होता. पण किती दूर, आणि कशानें दूर? आरंभीं सर्वत्र ‘सामाजिक अंतर’ हा शब्द रूढ झाला. जागतिक आरोग्य संघटनेनें त्याच मार्च महिन्यांत ‘शारीरिक अंतर’ असें म्हणावें असें सुचविलें. शरीरें दूर ठेवा, माणसें दूर लोटूं नका, असा त्यांतील आशय होता. शब्दांतील ही दुरुस्ती फारशी रुजली नाहीं. बहुधा पहिला शब्द सोयीचा होता म्हणून. सहा फुटांवर उभें राहण्याची सक्ति होती. पण सहा फुटांवरून बोलूं नये असें कोणींच सांगितलें नव्हतें. चिठ्ठी पिशवीखालीं ठेवण्याऐवजीं मी दार वाजवून चार पावलें मागें सरकून उभा राहिलों असतों, तर कोणताही नियम मोडला नसता.

त्या दिवशीं तेवढेंच केलें. मास्तर वरच्या पायरीवर बसले, मी चार पायऱ्या खालीं बसलों. दोघांच्याही तोंडाला मुखपट्टी. “मी लावूं कां?” असें विचारलें. त्यांनीं बराच वेळ कांहीं उत्तर दिलें नाहीं, मग मान हलविली. पहिला क्रमांक लागेना. दुसऱ्यावर एका बाईंचा आवाज आला. पहिलें वाक्य मीं उच्चारलें: “माझ्या शेजाऱ्यांची पत्नी वारली आहे, आणि त्यांना झोप येत नाहीं.” तेवढ्या एका वाक्यानंतर मास्तरांनीं हात पुढें केला. मीं फोन मधल्या पायरीवर ठेवला, तो त्यांनीं उचलला. दूरध्वनीवरून रोग्याला सल्ला देण्याविषयींचे नियम केंद्र सरकारनें त्याच मार्चच्या २५ तारखेला प्रसिद्ध केले होते; त्यामुळें जवळच्याच एका मनोविकारतज्ज्ञांनीं पुढच्या आठवड्यांत त्यांना फोनवर तपासलें आणि औषध सुरू झालें. यांत माझें श्रेय एका वाक्यापुरतें आहे, आणि तेंही तीन आठवडे उशिरा.

यावर पहिला आक्षेप आपल्याच वर्गांतून येईल. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही आपली कुलनीति. मधुमेहाची गोळी आपण पाहुण्यांदेखत घेतों. मनाच्या औषधाची मात्र कपाटांत कपड्यांखालीं दडवितों. स्वतःचें दुःख स्वतः गिळणें यांत एक करारीपणा आहे आणि त्याचा मान राखला पाहिजे, हेंही मी जाणतों. पण जें गिळल्यानें पचतें त्याविषयीं हा नियम ठीक आहे; विष गिळण्याला कोणी धैर्य म्हणत नाहीं. या बाबतींत कायदा आपल्यापेक्षां पुढें गेला आहे. २०१७ सालचा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलांत आला. आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखालीं होता असें या कायद्यानें गृहीत धरलें आहे, आणि त्याची शुश्रूषा व पुनर्वसन हें शासनाचें कर्तव्य ठरविलें आहे. ज्याला कायदा अपराधी म्हणत नाहीं, त्याला शेजाऱ्यानें कुजबुजीची शिक्षा कां द्यावी?

दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूचा आहे. शेजाऱ्यांनीं अशा रीतीनें एकमेकांच्या मनांत डोकावूं लागावें काय? हा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो, कारण ‘काळजी’ या नांवाखालीं चालणाऱ्या चांभारचौकशीचा आपल्या चाळींना आणि वाड्यांना मोठा अनुभव आहे. परंतु चौकशी आणि विचारपूस हे दोन शब्द भाषेनें उगाच वेगळे ठेवलेले नाहींत. चौकशी करणाऱ्याला माहिती हवी असते. विचारपूस करणारा माहिती न मिळतांही बसून राहूं शकतो. जें कळलें तें चौथ्या माणसाला न सांगणें, आणि ‘लावूं कां?’ असें विचारून उत्तराची वाट पाहणें, या दोन मर्यादा पाळल्या तर सोबत ही ढवळाढवळ होत नाहीं. जिवावर बेतलेलें दिसेल त्या प्रसंगीं मात्र या मर्यादा सैल कराव्या लागतात. तेथें माणसाला एकटें सोडूं नये, त्याच्या आप्तांना कळवावें, आणि जवळच्या रुग्णालयांत न्यावें.

आम्ही यांतले जाणते नाहीं, उगाच बोलून कांहीं विपरीत घडलें तर, असें कोणी म्हणतील. ‘जीव नकोसा वाटतो कां?’ असें सरळ विचारल्यानें तो विचार माणसाच्या डोक्यांत शिरतो, अशी एक समजूत आहे. या विषयांतील तज्ज्ञांचा अनुभव उलट आहे. असा प्रश्न विचारल्यानें विचार पेरला जात नाहीं, उलट विचारणारा भेटला म्हणून भार हलका होतो. शिवाय शेजाऱ्यानें वैद्य व्हावें असें कोणीच म्हणत नाहीं. त्यानें दारापर्यंत यावें, एवढेंच मागणें आहे.

पण दारापर्यंत येऊन दारच नसेल तर? येथें शेजारधर्माची सीमा संपते आणि राजधर्माची सुरू होते. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं १३० देशांत पाहणी केली, तेव्हां त्यांपैकीं शेंकडा ९३ देशांत अत्यावश्यक मानसिक आरोग्य सेवा खंडित वा विस्कळित झाल्याचें दिसून आलें. म्हणजे गरज वाढली तेव्हांच दारें मिटलीं. आपल्याकडे तीं साथीपूर्वींही मुबलक नव्हतीं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणांत, कांहीं मनोविकारांच्या बाबतींत शेंकडा ऐंशींहून अधिक रोग्यांना उपचार मिळत नाहींत असें आढळलें होतें. साथीनंतर, १० ऑक्टोबर २०२२ रोजीं, केंद्र सरकारनें ‘टेली-मानस’ ही सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठींतूनही बोलतां येतें. ही गोष्ट चांगली झाली, आणि प्रत्येक घरीं हा क्रमांक ठाऊक असावा. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयांत मनाच्या रोगांवर काय सोय आहे, हेंही शांततेच्या दिवसांतच विचारून ठेवावें. घराला आग लागल्यावर विहीर शोधूं नये.

मात्र क्रमांक ठाऊक असणें हा माझ्या प्रश्नाचा शेवट नव्हे. त्या सप्टेंबरांत ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेंत आशा सेविका आणि स्वयंसेवक महाराष्ट्रभर घरोघर हिंडून शरीराचें तापमान व रक्तांतील प्राणवायु मोजीत होते. मनाचा ताप मोजणारें असें यंत्र हातांत धरून कोणी दाराशीं येणार नाहीं. तो कळावयाचा तर थांबून विचारावें लागतें आणि उत्तर येईपर्यंत उभें राहावें लागतें. मलाही हें सहज साधतें असें नाहीं. अजून कोणाच्या दुःखाची वार्ता आली कीं माझा हात आधीं यादीकडेच जातो. कारण यादी देऊन मोकळें होतां येतें, आणि सोबत केली कीं वेळ जातो. त्या वेळीं मला मास्तरांच्या हातांतील ती मऊ झालेली चिठ्ठी दिसते. तिच्यावरचे चारही क्रमांक बरोबर होते.