येते तेवढे तरी द्यावे

रायपूरच्या सदर बाजारात सराफ सोने तिजोरीत जपून ठेवतात. ते योग्यच आहे, कारण सोने दिले की कमी होते. गाण्याचे तसे नाही. ते दिल्याने कमी होत नाही, न दिल्याने मात्र विसरले जाते.

याच बाजाराजवळच्या बूढापारा भागात बालपणी नरेंद्र, म्हणजेच पुढचे स्वामी विवेकानंद, १८७७ पासून सुमारे दोन वर्षे राहिले. नंतर नोव्हेंबर १८८१ मध्ये कलकत्त्यात सुरेंद्रनाथ मित्रांच्या घरी श्रीरामकृष्ण आले असता भजनासाठी चांगला गायक मिळेना. तेव्हा शेजारच्या नरेंद्राला बोलावले. तो कॉलेजात शिकणारा मुलगा होता, उस्ताद नव्हे. तरीही तो गायला. तीच गुरु-शिष्यांची पहिली भेट.

"आधी नीट येऊ दे, मग शिकवीन," असे आपण म्हणतो. ही नम्रता की कृपणता, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. कच्चे शिकवू नये, हे खरेच. पण एक भजन तरी पक्के येते ना? या रविवारी तेवढेच शेजारच्या मुलांना शिकवा. स्वतःचे शिकणेही चालू ठेवा. आता रियाज केवळ आपल्यासाठी उरणार नाही. तीच साधना.